वहिनी आली आन् सचिन गेला

माझ्याकडं एक लाल पुठ्ठ्याची वही आहे. पुढून उघडली तर लासलगावच्या कांद्याच्या पट्ट्या, खता-औषधांची उधारी, मजुरांचे रोज. मागून उघडली तर क्रिकेट. १९८३ च्या जूनमध्ये लॉर्ड्सवरची फायनल रेडिओवर ऐकली, भारत १८३, वेस्ट इंडिज १४०, तेव्हापासून मी मागच्या पानांवर धावा लिहीत आलोय. सत्याहत्तर साली दहावी झालो. पुढं शिकायची ऐपत नव्हती आणि घरी बैलही कुणीतरी हाकायचे होते. पण आकडे लिहायची खोड काही सुटली नाही. आमची मंडळी म्हणते, पुढच्या पानांकडं एवढं लक्ष दिलं असतं तर कर्ज फिटलं असतं. ते काही खरं नाही. कांद्याचं कर्ज वही लिहून फिटत नसतं.

त्या वहीत १३ मार्च १९९६ चं पान आहे. बुधवार होता. द्राक्षांची काढणी चालू होती, दिवसभर पेट्या भरून सगळ्यांच्या माना मोडलेल्या. निफाड तालुक्यात मार्चमध्ये दुसरं काही सुचत नसतं, पण त्या रात्री वर्ल्ड कपची सेमीफायनल होती, कलकत्त्याच्या ईडन गार्डनवर, समोर श्रीलंका. लाईट नेहमीसारखी गेलेली. आम्ही ट्रॅक्टरची बॅटरी काढून ओसरीवर आणली आणि तिच्यावर छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही लावला. गल्लीतली वीस-पंचवीस माणसं ओसरीवर, बाकीची अंगणात.

लंकेनं २५१ केले होते. आपले एक बाद ९८. सचिन ६५ वर. मॅच हातात आल्यासारखीच. आणि जयसूर्याचा एक चेंडू सचिनच्या पॅडला लागून बाजूला गेला, सचिन धाव घ्यायला पाऊलभर पुढं सरकला, कालुवितरणानं बेल्स उडवल्या. नेमकी त्याच वेळेला आमची वहिनी चहाच्या कपांचं ताट घेऊन माजघराच्या उंबऱ्यातून बाहेर आली.

"वहिनी आली आन् सचिन गेला."

हे वाक्य मी बोललो.

सगळे हसले. वहिनीही थोडी हसली. ताट खाली ठेवून आत गेली. पुढं काय झालं ते सगळ्या देशाला माहीत आहे. ९८ वर दुसरी विकेट गेली आणि १२० वर आठवी. लोकांनी बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये जाळपोळ केली, सामना लंकेला देऊन टाकला, कांबळी रडत बाहेर आला. आमच्या ओसरीवर दोन पोरंही रडली.

आता वहिनीबद्दल सांगायला पाहिजे. माझा थोरला भाऊ, दादा, १९९१ साली विहिरीतली मोटार वर घेताना शॉक लागून गेला. वहिनी तेव्हा सत्तावीस वर्षांची, पदरात सात वर्षांचं पोरगं. दहाव्याला आलेल्या बायांमध्ये कुणीतरी कुजबुजलं, पांढऱ्या पायाची. आमच्या आईनं ते ऐकलं आणि त्या बाईला जेवणाच्या पंगतीतून उठवलं. पुन्हा तो शब्द आईनं घरात येऊ दिला नाही. पाच वर्षांनी तो घरात मी आणला. हसत हसत आणला, म्हणून कुणी अडवलं नाही.

ते वाक्य गल्लीत राहिलं. पोरं मॅचच्या दिवशी आधी विचारायची, काकू कुठंय? वहिनी आपण होऊनच आत बसायला लागली. मग ते क्रिकेटपुरतं राहिलं नाही. एका साली बोअर घ्यायला पाणाड्या आला, त्यानं नारळ हातावर धरून जागा दाखवली, आणि माझा चुलतभाऊ मला हळूच म्हणाला, वहिनीला सांग, आज मळ्याकडं येऊ नको. मी सांगितलं नाही. पण तिनं ऐकलं असावं, कारण ती आली नाही. बोअर कोरडाच गेला. तो कुणाच्या पायानं कोरडा गेला हे मात्र कुणी विचारलं नाही. तिच्या स्वतःच्या पोराच्या हळदीला ती दाराच्या मागं उभी होती. ते विधवा म्हणून, का माझ्या त्या वाक्यामुळं, हे मला आजही वेगळं काढता येत नाही.

२ एप्रिल २०११ ला वानखेडेवर धोनीनं सिक्स मारला, गावात फटाके फुटले, तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातून ओरडून विचारत होती, "झालं का? जिंकले का?" त्यावर कोण तरी म्हणालं, "काकू आत होत्या म्हणून जिंकले." मी वहीत धावा लिहीत होतो. मी मान वर केली नाही.

मागच्या वर्षीची, म्हणजे २०२५ ची दिवाळी. वहिनीची नात, म्हणजे माझ्या पुतण्याची पोरगी, नाशिकला कॉलेजात संख्याशास्त्र शिकते. सुट्टीला आली होती. पावसानं मका ओली, मळणी यंत्रात घालण्यासारखी नाही, म्हणून वहिनी ओसरीवर बसून घरापुरती कणसं हातानं सोलत होती. मी आणि पुतण्या चिवडा खात क्रिकेटवर बोलत होतो आणि मी म्हणालो, सचिननं शंभर केले की आपण हरायचो.

हे काही माझं एकट्याचं मत नाही. उभ्या महाराष्ट्रात पारावर, एसटीत, सलूनमध्ये हे ऐकलेलं आहे. सचिनवर जीव टाकणारेच हे बोलायचे.

"नाना, मोजलंय का?" पोरगी म्हणाली.

"मोजायचं काय? डोळ्यांनी बघितलंय." मी बोटं मोडायला लागलो. शारजा, २२ एप्रिल १९९८, वाळूचं वादळ आलं ती मॅच, १४३ केले, हरलो. हैदराबाद, ५ नोव्हेंबर २००९, १७५ केले, तीन धावांनी हरलो. नागपूर, २०११ चा वर्ल्ड कप, १११ केले आणि शेवटच्या नऊ विकेट २९ धावांत गेल्या. मीरपूर, मार्च २०१२, शंभरावं शतक, तेही बांगलादेशाकडून हरलो. चेन्नई, पाकिस्तान, १३६...

"चेन्नईची कसोटी होती," ती म्हणाली. "आपण वनडेचं बोलतोय. ढिगात ढीग मिसळायचा नाही."

मग तिनं मोबाईलवरून आकडे काढले. सचिन ४६३ वनडे खेळला. त्यातल्या २३४ आपण जिंकलो, २०० हरलो, पाच बरोबरीत सुटल्या, २४ चा निकालच लागला नाही. शतकं ४९. शतक झालेल्या ४९ मॅचपैकी ३३ जिंकलो, १४ हरलो, एक बरोबरीत, एकीचा निकाल नाही.

तेहतीस आणि चौदा. मी म्हणालो, मोबाईल चुकत असंल.

"थांबा, दाणेच मांडू," म्हणून तिनं आजीपुढचं सूप ओढलं. "आजी, चारशे त्रेसष्ट दाणे मोजून दे."

वहिनी चौथी शिकलेली, पण मोजणीत तिच्याशी गावात कुणी बरोबरी करत नाही. विसाच्या ढिगल्या करत ती मोजत गेली आणि म्हणाली, "तेवीस इसा आन् तीन. घे."

पोरीनं ओसरीच्या फरशीवर खडूनं चार खण पाडले. वरच्या ओळीत शतक झालेल्या मॅच, खालच्या ओळीत न झालेल्या. डावीकडं जिंकलेल्या, उजवीकडं न जिंकलेल्या, म्हणजे हार, बरोबरी, पाऊस सगळं धरून. वर डावीकडं ३३ दाणे, वर उजवीकडं १६. खाली डावीकडं २०१, खाली उजवीकडं २१३. बेरीज केली, ४६३ भरले. इथवर माझ्या लक्षात येत होतं, हे तर आडत्याच्या पट्टीसारखंच आहे.

मग तिनं कोपऱ्यातली पाटी उचलली आणि खालच्या ओळीवर पालथी घातली. चारशे चौदा दाणे झाकून गेले.

"आता तुम्ही म्हणालात, सचिननं शतक केलं तर. हा 'तर' आला की बाकीचं झाकायचं. समोर फक्त ४९ दाणे. त्यात जिंकलेले किती?"

"तेहतीस."

"म्हणजे शंभरात सदुसष्ट. आता पाटी वर ठेवते." तिनं पाटी उचलून वरच्या ओळीवर ठेवली. "शतक नसेल तर? चारशे चौदात दोनशे एक. शंभरात अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास."

मी बघत राहिलो. शतक झालं तर तीन मॅचमधल्या दोन जिंकलो होतो. नाही झालं तर धड निम्म्याही नाही. आणि मी तीस वर्षं उलटं सांगत फिरत होतो. तिच्या पुस्तकात याला सशर्त संभाव्यता म्हणतात. मला पाटी जास्त कळली.

पुतण्या म्हणाला, "पण मग सगळ्यांना तसं का वाटायचं?"

तिनं हरलेले २०० दाणे वेगळे काढले. चौदा एकीकडं, एकशे शहाऐंशी दुसरीकडं. हरलेल्या शंभर मॅच घेतल्या तर त्यातल्या फक्त सातांत सचिनचं शतक होतं. "पण नाना, या एकशे शहाऐंशींतल्या तुम्हाला किती आठवतात? तो पंधरावर आउट झाला आणि आपण हरलो, ही मॅच कोण लक्षात ठेवतं? ही चौदाच बोचतात."

खरं आहे. हैदराबादच्या रात्री मी जेवलो नव्हतो. त्याआधीच्या कितीतरी हारलेल्या मॅच जेवून झोपलोय.

मी एक शंका काढली. सुरुवातीला सचिन खाली खेळायचा, सलामीला तो १९९४ च्या मार्चमध्ये ऑकलंडला आला आणि पहिलं शतक त्याच सप्टेंबरात कोलंबोला ऑस्ट्रेलियाविरुद्ध झालं, त्याची एकोणऐंशीवी मॅच. म्हणजे पहिल्या अठ्ठ्याहत्तर मॅच सगळ्याच्या सगळ्या खालच्या ओळीत गेल्या, तेव्हाचा संघही वेगळा होता. मग ही तुलना सरळ कशी? पोरगी खूश झाली. म्हणाली, "नाना, हे बरोबर पकडलं. शतकानंच जिंकलो असं हे दाणे सांगत नाहीत. शतक झालं की हरतो, हे खोटं आहे, एवढंच सांगतात." मला दहावीनंतर पहिल्यांदा कुणीतरी गणितात शाबासकी दिली.

आणखी एक गोष्ट तिनं दाखवली. जिंकलेल्या २३४ मॅचपैकी शतकाच्या किती? तेहतीसच, शंभरात चौदा. म्हणजे 'शतक झालं तर जिंकलो किती' आणि 'जिंकलो तर शतक किती' हे दोन प्रश्न दिसायला सारखे, पण पाटी वेगळ्या ठिकाणी पडते. हे मात्र मला आधीपासून माहीत होतं, फक्त त्याला नाव नव्हतं. डावणी आलेल्या द्राक्षाच्या पानावर तेलकट डाग दिसतो. पण पानावर दिसलेला प्रत्येक डाग डावणीचा नसतो. हे न कळल्यामुळं आमच्याकडं किती औषध फुकट फवारलं गेलं त्याचा हिशोब वहीच्या पुढच्या पानांत आहे. ती म्हणाली, मग 'मी कांदा विकला की भाव वाढतो' हेही मोजू या का, पट्ट्या आहेतच. मी नको म्हणालो. सणाच्या दिवसात ते नको.

दाणे गोळा करता करता ती सहज म्हणाली, "तसंच आजीचं."

कुणी काही बोललं नाही. वहिनीचा हात कणसावर थांबला.

"आजी टीव्हीसमोर बसली की हरतो म्हणतात ना गल्लीत? मांडू या की." तिनं खडूनं पुन्हा चार खण पाडले. वर आजी समोर, खाली आजी आत. "नाना, वहीतून सांगा."

मी वही आणली. २३ मार्च २००३, जोहान्सबर्ग, फायनल, ऑस्ट्रेलियाकडून १२५ धावांनी हरलो. आजी आत. १७ मार्च २००७, बांगलादेशाकडून हरलो. आजी आत. आणि २०११ ची जिंकलेली फायनल, आजी आत. पानं उलटत गेलो तसा खालच्या ओळीत दाण्यांचा ढीग होत गेला, दोन्ही बाजूंनी. नंतर नंतर मी तारीख न बघताच 'आत' म्हणायला लागलो, कारण शहाण्णवच्या त्या रात्रीनंतर ती बाहेर बसलीच नव्हती.

वरच्या ओळीत एक दाणा. १३ मार्च १९९६, हरलो.

"हा तरी नीट धरायचा का?" पोरगी म्हणाली. "सचिन गेला तेव्हा आजी बाहेर आली. मग आत गेली. पुढच्या सहा विकेट पडल्या तेव्हा ती कुठं होती?"

"चुलीपाशी," मी म्हणालो.

एकोणतीस वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ९८ वर दोन बाद ते १२० वर आठ बाद, तो सगळा सत्यानाश वहिनी आत चुलीपुढं बसलेली असताना झाला होता. माझ्याच वहीत विकेटी ओळीनं लिहिलेल्या होत्या.

"मग आजी समोर असताना जिंकलो, असं कधी?" पोरगीनं विचारलं. मी वहीकडं बघितलं. वहीत धावा होत्या, विकेटी होत्या. ओसरीवर कोण बसलंय हे मी कधी लिहिलं नव्हतं.

"एकदा," वहिनी म्हणाली.

आम्ही तिच्याकडं बघितलं. ती कणसाकडंच बघत होती.

"त्याच वर्षी. आधीच्या शनिवारी. पाकिस्तानची होती ना, बंगळुरूची. मी इथंच बसले व्हते, ह्या खांबाला टेकून, शेंगा फोडत. त्या सोहेलनं चौका मारून बॅट दाखवली आन् लगीच पुढच्या बॉलला प्रसादनं त्याच्या दांड्या उडवल्या. भाऊजी, तुम्ही अशी उडी मारली की माझं सूप लवंडलं. शेंगा पार अंगणात गेल्या. त्या मी एकटीनंच येचल्या."

मी वही उलटली. ९ मार्च १९९६. शनिवार. भारत २८७, पाकिस्तान २४८, ३९ धावांनी जिंकलो. प्रसादच्या तीन विकेटी, जडेजाचे ४५. सगळं होतं. शेंगा नव्हत्या.

"वहिनी, मंग तवा बोलल्या का नाही?" मी विचारलं.

"कोण इचारतंय," ती म्हणाली.

पोरीनं वर डावीकडं एक दाणा ठेवला. दोनात एक. आजीनं विचारलं, "मंग माझे किती झाले?" ती म्हणाली, "आजी, दोन दाण्यांवरून काहीच सांगता येत नाही. अजून दाणे पाहिजेत." वहिनी म्हणाली, "ते तर तुम्ही बसू दिलं असतं तर झाले असते." आणि उठून तिनं सगळे दाणे, सचिनचेही आणि तिचेही, सुपात भरले आणि कोंबड्यांना टाकले.

२ नोव्हेंबरला बायांच्या वर्ल्ड कपची फायनल होती, नवी मुंबईला, आफ्रिकेशी. पावसानं उशिरा सुरू झाली. आता घरात मोठा रंगीत टीव्ही आहे आणि इन्व्हर्टरही. पोरगी कॉलेजला जायची ती मुद्दाम एक दिवस थांबली. मी माझी खुर्ची वहिनीला दिली. ती नको नको म्हणत खाली खांबाला टेकूनच बसली.

आपल्या पोरींनी २९८ केले. आफ्रिकेची ती कप्तान, वोल्वार्ट, एका बाजूनं खेळतच होती. तिचं शतक झालं तेव्हा गल्लीतला एक जण दारातून आत डोकावला, वहिनीकडं बघितलं आणि काही न बोलता उभा राहिला. वहिनीनं गुडघ्यावर हात टेकला.

"मी जरा आत जाते. दूध तापवायचं राह्यलंय."

"बसा," मी म्हणालो. "दूध मी बघतो."

मी आत गेलो. दूध गॅसवर ठेवलं आणि तिथंच उभा राहिलो, उतू जाऊ नये म्हणून. बाहेरून एकदम आरडाओरडा झाला. अमनजोतच्या हातातून चेंडू निसटता निसटता तिनं पकडला होता, वोल्वार्ट १०१ वर गेली होती. ती विकेट मला दिसली नाही. वहिनीला दिसली.

मध्यरात्र उलटून गेली होती, ५२ धावांनी जिंकलो तेव्हा. वहिनी म्हणाली, "त्या बाईनं शतक केलं तरी हरली ग." पोरगी म्हणाली, "होतं असं, आजी." मी वही काढली, तारीख टाकली, धावा लिहिल्या, दीप्तीच्या पाच विकेटी लिहिल्या. मग खाली एक नवीन ओळ आखली, ओसरीवर कोण कोण होतं त्याची, आणि वहिनीला विचारलं, नाव कसं लिहू, वहिनी लिहू का पूर्ण?

"पूर्ण लिहा," ती म्हणाली. "आन् नऊ मार्चलाबी लिहा."